डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या चळवळीतली पोरं

विहाराच्या स्मरणिकेत तथागत, सम्राट अशोक, जोतीराव-सावित्रीमाई आणि बोधिसत्त्व बाबासाहेब यांची चरित्रे दरवेळी येतात. ती यायलाच पाहिजेत. पण या वर्धापनदिनाच्या अंकात आम्ही एका परदेशी माणसाची जीवनकथा लिहायचे ठरवले. नाव आपल्या वस्तीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हापासून अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लढ्याचा उल्लेख आपल्या सभांमधून होत आला. परंतु डॉ. मार्टिन ल्यूथर किंग म्हटले की एक मोठा मोर्चा आणि एक गाजलेलं भाषण, एवढ्यावरच आपलं भागतं. या माणसाला पुढे ढकलणारी, त्याच्यासाठी तुरुंगात जाणारी, प्रसंगी त्याच्यावर रुसणारी पंधरा-वीस वर्षांची पोरं कोण होती, हे कोणी सांगत नाही. आम्ही काही विद्वान नाही. गिरणीत साचे चालवता चालवता आणि चळवळीत हिंडता हिंडता जे वाचलं, ते आपल्या विहाराच्या तरुण मंडळापुढे ठेवतो आहोत.

मार्टिन यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात झाला. वडील चर्चचे धर्मगुरू, आईचे वडीलही त्याच चर्चचे धर्मगुरू. म्हणजे घर खाऊन-पिऊन सुखी होते. पण कातडीचा रंग काही घराची श्रीमंती पाहत नाही. लहानपणी समोरच्या दुकानदाराचा गोरा मुलगा त्यांचा सवंगडी होता. शाळेत जायचे वय झाले तशा दोघांच्या शाळा वेगळ्या झाल्या आणि त्या मुलाच्या घरून निरोप आला की यापुढे खेळायला येऊ नका. असा निरोप आपल्यापैकी कोणाच्या बापाला किंवा आजाला आला नसेल? साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसणारा भीमराव आठवल्याशिवाय राहत नाही.

१९४४ साली मार्टिन शाळेत असताना एका वक्तृत्व स्पर्धेसाठी बाहेरगावी गेले होते. परत येताना बसमध्ये गोरे प्रवासी चढले आणि ड्रायव्हरने यांना उठायला लावले. पोरगा उठेना. बरोबरच्या बाईंनी समजूत घातली तेव्हा कुठे उठला. पुढचे सुमारे नव्वद मैल उभ्याने प्रवास केला. तो राग आयुष्यभर विसरलो नाही, अशा अर्थाचे त्यांनी पुढे सांगून ठेवले आहे. शांतीची भाषा बोलणारा माणूस जन्मताच थंड डोक्याचा असतो, असे समजू नये.

पंधराव्या वर्षी कॉलेज, मग धर्मशिक्षण, १९५३ साली कोरेटा स्कॉट यांच्याशी विवाह आणि १९५५ साली बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट. उत्तरेकडच्या मोठ्या शहरात राहून आरामात नोकरी करता आली असती. पण १९५४ साली ते दक्षिणेकडे अलाबामा राज्यात माँटगोमेरी गावच्या चर्चमध्ये रुजू झाले. तिथे बसमध्ये पुढच्या जागा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या. गोऱ्यांना जागा कमी पडली तर काळ्यांनी उठायचे.

१ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी उठायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली, ही हकिगत सगळीकडे छापून येते. छापून येत नाही ती हकिगत अशी, की त्याच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कोल्व्हिन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी त्याच गावात अशीच बसून राहिली होती. पोलिसांनी तिला ओढून नेली. पण पुढाऱ्यांनी तिचा झेंडा केला नाही. मुलगी गरीब घरची, वयाने लहान, तोंडाने फटकळ. चळवळीतसुद्धा चेहरा पाहून माणूस निवडतात, हे आम्ही इथेही पुष्कळ पाहिले आहे. मात्र पुढे कोर्टात जो दावा जिंकला गेला, त्या दाव्यातल्या चार स्त्रियांपैकी ही क्लॉडेट एक होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री जो ॲन रॉबिन्सन नावाच्या प्राध्यापिका कॉलेजात गेल्या आणि दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी रातभर सायक्लोस्टाईल मशीनवर हजारो पत्रके काढली. सोमवारी, ५ डिसेंबरला बसमध्ये बसू नका, एवढाच मजकूर. आपल्यातल्या ज्यांनी शाईने हात काळे करून सायक्लोस्टाईल काढली आहे, त्यांना त्या रात्रीचा वास सांगायला नको. सोमवारी बस रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी समिती स्थापन झाली आणि अध्यक्ष म्हणून सव्वीस वर्षांच्या किंग यांना पुढे केले. ते गावात नवे होते, कोणत्याही गटाचे नव्हते, हेही एक कारण.

तो बहिष्कार ३८१ दिवस चालला. मोलकरणी, मजूर, हमाल पायी कामावर गेले. ज्यांच्या गाड्या होत्या त्यांनी त्या लोकांसाठी दिल्या. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री किंग सभेत असताना त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला. घरात पत्नी आणि अवघ्या काही आठवड्यांची मुलगी होती. दोघी वाचल्या. बातमी फुटताच शेकडो लोक जमले, कोणाच्या हातात बंदूक, कोणाच्या हातात बाटली. त्या वेळी किंग यांनी एक शब्द उलटा बोलला असता तर त्या गावात रक्ताचे पाट वाहिले असते. मोडलेल्या ओट्यावर उभे राहून त्यांनी सगळ्यांना हत्यारे घेऊन घरी जायला सांगितले, आणि लोक गेले. बायको-पोर मरता मरता वाचलेला माणूस हे करतो, याला आम्ही मैत्रीभावना म्हणतो. विहारात आपण ती रोज तोंडाने म्हणतो.

इथे तारखांकडे जरा बारीक पाहावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. १३ नोव्हेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरीच्या बसमधला भेद बेकायदा ठरवला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. २१ डिसेंबरला माँटगोमेरीचे काळे लोक बसच्या पुढच्या बाकावर बसले. त्या दोन महिन्यांत पृथ्वीच्या दोन टोकांना दोन समाज ताठ उभे राहिले, आणि एकमेकांची गंधवार्ता बहुतेकांना नव्हती.

बहुतेकांना म्हणतो, कारण एक माणूस अपवाद होता, आणि त्याचे नाव आपल्या महाराष्ट्राने विसरू नये. जेम्स लॉसन. कोरियाच्या युद्धात सैनिक म्हणून जायला नकार दिला म्हणून या तरुणाने अमेरिकेत वर्षभराहून जास्त तुरुंगवास भोगला आणि सुटल्यावर १९५३ साली तो आला थेट नागपुरात, हिस्लॉप कॉलेजमध्ये. १९५६ पर्यंत तो नागपुरातच होता. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने नागपूरच्या वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर १९५७ साली त्याची आणि किंग यांची गाठ पडली. दोघांचे वय जवळपास सारखेच. लॉसनचा विचार शिक्षण पुरे करून मग दक्षिणेत जायचा होता. किंग यांनी त्याला थांबू नको, आत्ताच ये, असे सांगितले. लॉसन नॅशव्हिलला गेला. तिथे त्याने काय केले ते पुढे येईलच.

१९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये किंग पत्नीसह भारतात आले. महिनाभर हिंडले, पंडित नेहरूंना भेटले, मुंबईत मणिभवनात राहिले. हा दौरा गांधीजींच्या अनुयायांच्या हातून झाला, तेव्हा त्यांना दिसलेला भारत त्या चष्म्यातून दिसलेला होता. पुणे कराराच्या उपोषणाबद्दल आमचे म्हणणे वेगळे आहे आणि राहील, ते इथे उगाळत नाही. पण दोन गोष्टी सांगतो. नेहरूंनी त्यांना सांगितले की कॉलेजच्या एका जागेसाठी वरच्या जातीचा आणि अस्पृश्य असे दोन विद्यार्थी आले तर अस्पृश्याला घ्यावे लागते, आणि हे शतकांच्या अन्यायाचे प्रायश्चित्त आहे. किंग यांच्या मनात हे इतके भरले की पुढे त्यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आणि आपल्या देशातही असे काही व्हावे म्हणून मागणी केली. आम्ही मात्र म्हणू, ते प्रायश्चित्त नव्हे, बाबासाहेबांनी घटनेत लिहून घेतलेला हक्क आहे. प्रायश्चित्त देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

दुसरी गोष्ट केरळमधली. तिथल्या एका शाळेत बहुतेक मुले पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य घरांतली. मुख्याध्यापकांनी मुलांना ओळख करून देताना किंग हे अमेरिकेतले अस्पृश्य आहेत असे सांगितले. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग विचार केला तेव्हा पटले की होय, मी आणि माझे दोन कोटी लोक तेच आहोत. १९६५ साली त्यांनी आपल्या चर्चमध्ये ही आठवण स्वतः सांगितली. एवढा नोबेलवाला माणूस आपल्या जमातीत बसायला लाजला नाही. आपल्यातले काही साहेब झाले की चाळीचा पत्तासुद्धा सांगत नाहीत.

आता पोरांकडे येतो. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानात गेले. दुकानात वस्तू विकत घ्यायला काळ्यांना मज्जाव नव्हता. पैसे चालत होते. पण खाण्याच्या काउंटरवर बसायला बंदी होती. चौघांनी वस्तू घेतल्या आणि काउंटरवर बसून कॉफी मागितली. मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जास्त आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. दोन महिन्यांत दक्षिणेतल्या कित्येक शहरांत हेच सुरू झाले. कोणी पुढाऱ्याने हाक दिली नव्हती. किंग यांनीही नाही. एक कप कॉफीसाठी हा आटापिटा कशाला, असे म्हणणारे तेव्हाही होते. १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी कशाला, असे म्हणणारेही होते. पाणी काय, कॉफी काय, तहान भागवायला कोणी गेले नव्हते.

सगळ्यात शिस्तीचे काम नॅशव्हिलला झाले, कारण तिथे आपला नागपूरवाला लॉसन होता. त्याने आधी कित्येक महिने चर्चच्या खोलीत पोरांची शिबिरे घेतली. शिबिर म्हणजे व्याख्यान नव्हे. अर्धी पोरं गुंड व्हायची, अर्धी सत्याग्रही. गुंडांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचे. सत्याग्रह्यांनी हात उचलायचा नाही. पडताना डोके कसे वाचवायचे, साथीदाराला जास्त मार बसत असेल तर मध्ये अंग कसे घालायचे, मारणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून कसे राहायचे, हे सगळे शिकवले. ज्याला राग आवरत नाही त्याला बाहेरचे काम द्यायचे, बसायला न्यायचे नाही. डायन नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हल, बर्नार्ड लाफायेट ही पोरं त्या खोलीत तयार झाली. वय वीस-बावीस.

२७ फेब्रुवारी १९६० ला काउंटरवर बसलेल्या पोरांना गोऱ्या टोळक्याने बडवले, आणि पोलिसांनी पकडले ते मार खाणाऱ्यांना. एक तुकडी गाडीत घातली की दुसरी तुकडी येऊन त्याच स्टुलांवर बसायची. ८० हून जास्त पोरं त्या दिवशी आत गेली. लॉसनला विद्यापीठातून काढून टाकले. १९ एप्रिलला विद्यार्थ्यांचा खटला चालवणाऱ्या काळ्या वकिलाच्या घरावर पहाटे बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता नगरपालिकेवर चालत गेले. घोषणा नाही, गाणे नाही, फक्त पावलांचा आवाज. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत छाती फुटेल असा डीजे लावणाऱ्या आमच्या मुलांनी हे वाक्य दोनदा वाचावे. पायऱ्यांवर डायन नॅशने महापौरांना सरळ विचारले की हा भेद तुम्हाला माणूस म्हणून योग्य वाटतो का. महापौर गोरा, राजकारणी, पण त्याला नाही म्हणावे लागले. १० मेपासून काउंटर उघडले.

किंग दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलला आले आणि मी इथे शिकवायला नाही, शिकायला आलो आहे, अशा भावनेने बोलले. पण मोठ्या संघटनांना पोरांची ताकद दिसली की ती आपल्या खिशात घालावीशी वाटते. किंग यांच्या संघटनेतल्या काहींना वाटत होते की विद्यार्थ्यांनी आपली युवक शाखा व्हावे. त्याच संघटनेत काम करणाऱ्या एला बेकर या जुन्या, जाणत्या कार्यकर्त्या बाईंनी एप्रिल १९६० मध्ये रॅले शहरात विद्यार्थ्यांची परिषद घेतली आणि पोरांना स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगितले. विद्यार्थ्यांची स्वतंत्र समिती झाली. किंग यांनी आडकाठी केली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आपल्याकडे एका संघटनेच्या किती शाखा आणि एका शाखेचे किती गट झाले, त्या हिशेबात आम्ही शिरत नाही.

तरी खटके उडालेच. १९६१ च्या मे महिन्यात काळी-गोरी माणसे एकत्र बसून लांब पल्ल्याच्या बसने दक्षिणेत निघाली. अ‍ॅनिस्टन गावाजवळ १४ मे रोजी जमावाने बस पेटवली. मोठ्यांनी प्रवास थांबवायचे ठरवले. नॅशव्हिलच्या पोरांनी सांगितले, हिंसेपुढे थांबलो तर उद्या प्रत्येक जण हिंसाच करील, आणि ती पुढच्या बसमध्ये चढली. काहींनी निघण्यापूर्वी मृत्युपत्रे लिहून ठेवली. माँटगोमेरीत त्यांना झोडपले. मग पोरांनी किंग यांना विचारले, तुम्ही आमच्याबरोबर बसमध्ये चढणार का? किंग यांच्यावर आधीच्या खटल्यातली शिक्षा टांगती होती, ते चढले नाहीत. पोरं म्हणाली, आमच्यापैकी कित्येकांवर तशीच टांगती आहे. हा प्रसंग त्यांच्या भक्तांना अडचणीचा वाटतो. आम्हाला वाटत नाही. पुढारी तसबिरीत गेला की तो चुकतच नाही, आणि मग पोरांना प्रश्न विचारायची सोय राहत नाही. त्या उन्हाळ्यात तीनशेहून जास्त जण मिसिसिपीत पकडले गेले, आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून लांब पल्ल्याच्या बस व स्थानकांतला भेद सरकारी हुकुमाने बंद झाला.

बर्मिंगहॅमची गोष्ट जास्त कठीण आहे. १९६३ च्या एप्रिलमध्ये तिथे लढा सुरू झाला. हे पोलाद कारखान्यांचे गाव. मोठी माणसे अटक व्हायला पुढे येईनात, कारण अटक म्हणजे नोकरी गेली, भाडे थकले, घर गेले. गिरणी कामगाराला हे कोणी समजावून सांगायला नको. संपाच्या दिवसांत आमच्याही चाळीत दारादारातून हाच हिशेब चालला होता. किंग स्वतः १२ एप्रिलला तुरुंगात गेले, तिथून त्यांनी धर्मगुरूंना ते प्रसिद्ध पत्र लिहिले, तरी लढा थंड पडत होता. तेव्हा जेम्स बेव्हलने सुचवले की शाळेतल्या पोरांना नोकरी नाही, घरभाडे नाही, त्यांना उतरवा. किंग यांनी खूप विचार केला. होकार-नकारात दिवस गेले. २ मे रोजी पोरं चर्चमधून पन्नास-पन्नासच्या तुकड्या करून गाणी म्हणत बाहेर पडली. शेकडो पकडली गेली. काही तर आठ-नऊ वर्षांची. ३ मेला पोलीसप्रमुख बुल कॉनर याने आगीच्या बंबाचे पाणी सोडले आणि कुत्री अंगावर घातली. पाण्याच्या माऱ्याने पोरं रस्त्यावरून फरफटत गेली. तुरुंग भरले, तेव्हा जत्रेच्या मैदानात कोंडले. ते फोटो जगभर छापून आले आणि १० मेला दुकानदारांना करार करावा लागला.

माल्कम एक्सने टीका केली की मर्द माणसे आपली पोरं बंदुकीपुढे उभी करत नाहीत. आम्ही स्वतः पोराबाळांचे बाप आहोत. आम्ही हा करार वाचतो तेव्हा आनंद होतो, आणि बंबाच्या पाण्याखालची ती पोर पाहतो तेव्हा माल्कम खोटे बोलला असे म्हणवत नाही. पण एक गोष्ट त्या पोरांच्या तोंडून नंतर पुष्कळदा आली. ती स्वतःहून गेली होती. कित्येक आई-बापांनी दाराला कडी घातली, तर खिडकीतून गेली. त्या गावात त्यांना रोज काय बघावे लागत होते ते पाहता, रस्ता काही घरापेक्षा जास्त धोक्याचा नव्हता. याचा पुरावा चारच महिन्यांत मिळाला. १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी त्याच चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा वर्षांची. त्या मोर्चात नव्हे, देवळात गेल्या होत्या.

त्याआधी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनचा अडीच लाखांचा मोर्चा झाला होता. तो सर्वांना माहीत आहे म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. एवढेच सांगतो की त्या व्यासपीठावर तेवीस वर्षांचा जॉन लुईस बोलला आणि मोठ्यांनी त्याच्या भाषणातले कडक शब्द ऐन वेळी मऊ करायला लावले. १९६४ च्या जुलैत नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच वर्षी किंग यांना पस्तिसाव्या वर्षी नोबेल शांतता पुरस्कार मिळाला आणि त्याचे सगळे पैसे, सुमारे ५४ हजार डॉलर, त्यांनी चळवळीला दिले. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी लुईसचे डोके फोडले. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्काचा कायदा झाला.

कायदे झाले म्हणून पोट भरले नाही. १९६५ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसची वॉट्स वस्ती पेटली. विद्यार्थ्यांच्या समितीत नवे लोक आले, त्यांना अहिंसेचा कंटाळा आला होता. १९६६ साली काळ्यांच्या सत्तेची घोषणा झाली आणि ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष निघाला, ज्याच्या नावावरून आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतले. किंग यांनी या तरुणांना झिडकारले नाही. घोषणेशी मतभेद जाहीर ठेवून ते त्यांच्याबरोबर रस्त्यावर चालत राहिले.

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक बौद्ध भिक्खू आला. व्हिएतनामचे भन्ते थिच न्हात हान. त्यांनी १९६५ च्या जूनमध्ये किंग यांना पत्र लिहिले. व्हिएतनाममध्ये भिक्खूंनी स्वतःला जाळून घेतले, ती आत्महत्या नव्हे, अन्यायाकडे जगाचे डोळे वळवण्यासाठी केलेले दुःखसहन आहे, आणि माणसाचे शत्रू माणसे नसून लोभ, द्वेष, भेदभाव आहेत, असा त्या पत्राचा आशय होता. लोभ, द्वेष हे शब्द आपल्याला नवे नाहीत. १९६६ साली दोघे शिकागोत भेटले.

या भन्त्यांनी सायगावमध्ये तरुणांची समाजसेवेची शाळा काढली होती. तिथली मुले-मुली बॉम्ब पडलेल्या खेड्यांत जाऊन घरे बांधायची, शाळा आणि दवाखाने चालवायची, शेतीची कामे शिकवायची. दोन्हीपैकी कोणाचीच बाजू घ्यायची नाही, हा नियम. त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावर संशय घ्यायच्या. त्रा लोक नावाचे खेडे बॉम्बने मोडले, पोरांनी बांधले. पुन्हा मोडले, पुन्हा बांधले. आणि तरीही नंतर मोडले. पुन्हा बांधायचे का असा प्रश्न आला तेव्हा बांधायचेच ठरले, कारण सोडून दिले तर गावकऱ्यांनी आशाच सोडली असती. १९६७ साली यातल्या काही तरुणांना बंदूकधाऱ्यांनी नदीकाठी नेऊन गोळ्या घातल्या. उरलेल्यांनी मारेकऱ्यांचा द्वेष केला नाही, काम चालू ठेवले. आपल्या विहाराचे छत गळत होते तेव्हा पोरांनी चार रविवार श्रमदान केले, त्याचे कौतुक आम्ही भाषणात केलेच आहे. पण श्रमदान कुठवर जाऊ शकते, ते त्रा लोकमध्ये दिसते.

२५ जानेवारी १९६७ रोजी किंग यांनी या भिक्खूंचे नाव नोबेलसाठी सुचवले. त्या वर्षी शांतता पुरस्कार कोणालाच दिला गेला नाही. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाला उघड विरोध केला. घरी काळ्या पोराला गोऱ्याशेजारी शाळेत बसू देत नाहीत आणि तिकडे दोघांना शेजारी उभे करून गरीब शेतकऱ्यांची झोपडी जाळायला लावतात, असा त्यांचा मुद्दा होता. राष्ट्राध्यक्ष बिनसले, मोठी वर्तमानपत्रे तुटून पडली, काळ्यांच्या काही संघटनांनीही हात झटकले. काळ्यांच्या हक्काचे बोला, परराष्ट्र धोरण तुमचे काम नव्हे, असा सल्ला. आपापल्या कोपऱ्यात बसा, हा सल्ला सगळ्या देशांत सारखाच असतो.

शेवटचा लढा सफाई कामगारांचा. मेम्फिस शहरात कचरा उचलणारे बहुतेक सगळे काळे. गळक्या टोपल्या डोक्या-खांद्यावर न्यायच्या, घाण अंगावर ओघळायची, आणि पूर्ण काम करूनही पगार इतका तुटपुंजा की कित्येकांना सरकारी मदतीचा आधार लागायचा. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून दोन कामगार कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले. यंत्र आपोआप चालू झाले आणि दोघे चिरडून मेले. १२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगारांनी संप केला. त्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर आपण माणूस आहोत एवढाच मजकूर होता. संपाच्या पाठिंबा समितीचा प्रमुख कोण? पुन्हा जेम्स लॉसन. त्यानेच किंग यांना बोलावून घेतले.

२८ मार्चचा मोर्चा बिघडला. मागच्या बाजूच्या काही पोरांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, सोळा वर्षांचा एक मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. किंग यांना तिथून बाहेर काढावे लागले. त्या रात्री ते फार खचले होते. त्यांच्या मोर्चात हिंसा झाली, हे जगाला सांगायला वर्तमानपत्रे टपलेली होती. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या ज्या गटावर ठपका होता त्या गटाची पोरं त्यांना हॉटेलात भेटायला आली. किंग यांनी त्यांना हाकलले नाही, पोलिसांत दिले नाही. आपले म्हणणे काय, तुम्हाला तयारीत का घेतले नाही, हे विचारले. नॅशव्हिलला जे महिनोन् महिने झाले ते मेम्फिसला झाले नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आले. पुन्हा मोर्चा काढायचा, आणि या वेळी याच पोरांना स्वयंसेवक म्हणून उभे करायचे, अशी बोलणी चालू होती.

४ एप्रिल १९६८, रिव्हरसाइडच्या भाषणाला बरोबर एक वर्ष. संध्याकाळी सहाच्या सुमारास ते लॉरेन मोटेलच्या गॅलरीत उभे असताना समोरून गोळी आली. वय ३९. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस अमेरिकेतली शंभरावर शहरे पेटली. आणि मेम्फिसला ८ एप्रिलला, नवऱ्याला अजून मातीही दिलेली नसताना, कोरेटाबाई मुलांना घेऊन मोर्चाच्या पुढे चालल्या. हजारो लोक होते, घोषणा नव्हती, एकही काच फुटली नाही. ९ एप्रिलला अटलांटात त्यांची शवपेटी खेचरांच्या साध्या गाडीवरून नेली.

लॉसन पुढे ९५ वर्षांचे होऊन २०२४ साली वारले, जॉन लुईस १९८७ पासून २०२० साली मरेपर्यंत अमेरिकेच्या संसदेत होते. मेम्फिस शहराशी १६ एप्रिल १९६८ रोजी करार झाला. युनियनला मान्यता मिळाली, वर्गणी पगारातून कापून घ्यायचे ठरले, आणि तासाला दहा सेंटची पहिली वाढ १ मेपासून लागू झाली.